करड्या गाडीची साक्ष

रंगांच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी चार-पाच माणसं जमायची, पडदे ओढून घ्यायची आणि अमेरिकन राजकीय कटांचे सिनेमे बघायची. दुसरं काही बघायची नाहीत. प्रेमकथा लागली की वकीलसाहेब घोरायला लागत, आणि विनोदी सिनेमा परीक्षकांच्या पचनी पडत नसे. सिनेटर हवा, पाळत हवी, टेलिफोनमध्ये लपवलेलं यंत्र हवं, गाड्यांच्या तळघरात दबक्या आवाजात अर्धवट बोलून निघून जाणारा माणूस हवा, आणि सगळ्याचा धागा शेवटी वर, कुणाचा हात पोचणार नाही इतका वर गेलेला हवा. सिनेमा संपला की पडदे उघडायचे, चहा यायचा आणि खरी मजा सुरू व्हायची. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि का दिले ते सांगायचं.

परीक्षक म्हणजे एका वर्तमानपत्रात दर शुक्रवारी सिनेमावर लिहिणारे गृहस्थ. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. त्यांनी चांगलं म्हटलेला सिनेमा शोधायचा तर दिवा घेऊन निघावं लागलं असतं. त्यांची कसोटी एकच: पटलं का? खरं काय घडलं याच्याशी बघणाऱ्याला देणंघेणं नसतं, असं ते म्हणत. खोटं पटलं की ते खरं, आणि खरं पटलं नाही तर ते खोटं. हे वाक्य खोलीतल्या सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं की प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचलंय असं वाटायचं. खोलीचे मालक रंगवाले ते गिऱ्हाइकांनाही ऐकवत.

चौथे होते दातांचे डॉक्टर. मऊ स्वभावाचा माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. ते प्रत्येक सिनेमाला आधी सहा गुण द्यायचे आणि परीक्षकांचं बोलून झालं की ते कमी करायचे.

या मंडळींत तिला आणलं ते डॉक्टरांनी.

ती त्यांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत कवळ्या बनवायची. दोन खोल्यांचं ते कवळ्यांचं कारखानेवजा दुकान. जमीन प्लॅस्टरच्या भुकटीने पांढरी, वितळलेल्या मेणाचा वास, आणि खिडकीपाशी तिचं टेबल. डॉक्टर रोग्यांच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, ती त्यावर मेणात एकेक दात बसवून द्यायची. हात चांगला होता. चार महिन्यांपूर्वी नवरा गेल्यानंतर एक आठवडाच ती घरी बसली होती.

नवरा सरकारी लिफ्ट तपासनीस होता. नव्या इमारतीतली लिफ्ट चालू करण्याआधी ती तपासायची आणि दाखला द्यायचा, हे त्याचं काम. शहराच्या मध्यावर सरकारी कार्यालयांसाठी नवी उंच इमारत उभी राहिली होती. मंत्र्यांच्या हातून उद्घाटन ठरलं होतं, आमंत्रणं छापून झाली होती, आणि लिफ्टचा दाखला अडला होता. आठव्या मजल्यावरचा बाहेरचा दरवाजा लिफ्ट तिथे नसतानाही उघडतो, तो दुरुस्त केल्याशिवाय मी सही करणार नाही, असं तो म्हणाला होता. त्याच दरवाजातून खाली पडून तो मेला. खात्याने म्हटलं, पाय घसरला. कर्मचाऱ्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा एका निवृत्त न्यायाधीशबाईंकडे चौकशी सोपवली गेली.

पहिल्या दिवशी न्यायाधीशबाईंसमोर तिने जे सांगितलं, ते फार नव्हतं. नवऱ्याला कुणी धमकी दिली नव्हती. वरिष्ठांनी दोनदा बोलावून चहा पाजला होता आणि बघा काय जमतं का, एवढंच म्हटलं होतं. तपासणीला नेहमी दोघं जायचे. त्या दिवशी त्याच्या सोबत्याला सकाळीच दुसऱ्या गावी पाठवलं गेलं. दुपारी नवऱ्याने तिला फोन केला. काल कुलूप घालायला सांगितलेला दरवाजा आज पुन्हा उघडाच आहे, जेवून परत वर जातो नि बघतो, म्हणाला. आणि राहिली त्याची विजेरी. ती त्याच्या कामाच्या पिशवीत, नेहमीच्या कप्प्यात, चेन लावलेली सापडली. हातात विजेरी घेतल्याशिवाय त्याने जन्मात कधी लिफ्टचा दरवाजा उघडला नव्हता. घरातलं कपाटसुद्धा तो आधी उजेड पाडून मग उघडायचा, आणि त्यावरून ती त्याला हसायची.

न्यायाधीशबाईंनी पिशवी मागवून घेतली, कप्प्याची चेन स्वतः दोनदा उघडून लावून पाहिली, आणि विजेरी आपल्या टेबलावर ठेवून घेतली. तिला वाटलं, आपलं काही जमलं नाही. खात्याचा वकील तर पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होता.

पुढची तारीख उलटतपासणीची होती. तयार कवळी पोचवायला ती दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरांनी चौकशीचं कसं चाललंय असं विचारलं. ती म्हणाली, माझं सांगणं फार लहान आहे, डॉक्टर; त्या एवढ्या मोठ्या टेबलासमोर ते आणखी लहान वाटतं. डॉक्टरांना तिचं वाईट वाटलं, ते खरंच. पण त्याबरोबर रविवारच्या खोलीत आपण काहीतरी नवं घेऊन जाऊ, हेही त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं पडद्यावरचे कट बघितले, एक खरा बघायला काय हरकत आहे? ते म्हणाले, आमच्या मंडळींना या विषयातलं फार कळतं. तुमचं म्हणणं कुठे कच्चं आहे ते चुटकीसरशी सांगतील. चार शहाण्यांच्या कानावर घालून तर बघा.

ती गेली. चांगली साडी नेसून, केस नीट बांधून, वेळेआधी पाच मिनिटं जाऊन जिन्यात उभी राहिली.

त्या दिवशीच्या सिनेमात एका सिनेटरचं छोटं विमान डोंगरावर आपटतं. त्याच्या कार्यालयात टंकलेखन करणारी एक साधी बाई म्हणते, हा अपघात नव्हे. कुणी ऐकत नाही. तिच्या घरासमोर रोज एक करडी गाडी उभी राहते, आत वर्तमानपत्र वाचणारा माणूस. ती बाजारात गेली की गाडी बाजारात, दवाखान्यात गेली की दवाखान्याबाहेर. शेवटी ती समितीसमोर उभी राहून गाडीचं सांगते, तेव्हा सभागृहात चिडीचूप होतं आणि कॅमेरा एका म्हाताऱ्या सभासदाच्या थरथरणाऱ्या हातावर जातो.

परीक्षकांनी चार गुण दिले. विमानाचा भाग त्यांना उचलेगिरी वाटला. गाडी मात्र चांगली आहे, म्हणाले. गाडीमुळे सिनेमा उभा राहतो. रंगवाल्यांनी शंका काढली की त्या बाईने गाडीचं इतका वेळ कुणाला सांगितलं कसं नाही. परीक्षक म्हणाले, भीती. संपला विषय. भीती नेहमी पटते.

मग डॉक्टर खाकरले आणि त्यांनी तिची ओळख करून दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसून बोलली. न्यायाधीशबाईंसमोर बोलली होती तसंच, त्याच क्रमाने: दरवाजा, चहा, सोबत्याला पाठवलेलं, फोन, विजेरी. तिचं बोलून झालं. रंगवाल्यांच्या हातात अजून मघाचा गुणांचा कागद होता.

“तीन,” ते सवयीने म्हणाले.

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. वकीलसाहेबांना हसू आवरेना. एकदा एक हसला की दुसऱ्याला धीर येतो. डॉक्टर ओशाळून हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तीन जास्त झाले.

त्यानंतर बाई समोर बसली आहे हे मंडळी विसरूनच गेली. विसरली असं म्हणणं हेही सौम्यच झालं. ती बसली होती म्हणून त्यांना जास्त चेव आला होता. वकीलसाहेब जमिनीचे खटले चालवायचे. ते म्हणाले, साक्षीपुराव्याच्या दृष्टीने हे पोकळ आहे, चहा पाजणं हा काही गुन्हा नव्हे. रंगवाले म्हणाले, लिफ्टचा तपासनीस लिफ्टमध्येच पडून मरतो, म्हणजे लिहिणाऱ्याने डोकंच चालवलं नाही. त्याला निदान विजेचा धक्का तरी द्यायचा. विजेरीवर तर बराच वेळ गेला. विजेरीची सवय आधी एकदा दाखवायला हवी होती, मग ती पिशवीत सापडल्यावर बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला असता. नुसती बायको सांगते म्हणून कोण मानणार? बायका काय, मेलेल्या नवऱ्याबद्दल काहीही सांगतात.

शेवटी परीक्षकांनी हात वर केला.

“बाई, तुमचं दुःख मोठं आहे. मी फक्त प्रेक्षक म्हणून बोलतो. तुमच्या गोष्टीत माणूस मरेपर्यंत काहीच घडत नाही. सगळे चहा पितात. बघणाऱ्याला आधी धोका दिसायला हवा, म्हणजे माणूस मेला की तो म्हणतो, वाटलंच होतं मला. हे ‘वाटलंच होतं’ जोवर येत नाही तोवर हा कट नाही. हा नुसता अपघात आहे, आणि तोही रटाळ.”

तिने त्यांच्याकडे बघितलं. ती रडली नाही. तिचा चेहरा काम करताना व्हायचा तसा झाला होता, मेणात दात बसवताना डोळे बारीक करून बघायची तसा.

“म्हणजे कुणी त्यांच्या मागावर होतं असं असतं, तर तुम्हाला पटलं असतं?”

“ताबडतोब,” परीक्षक म्हणाले. डॉक्टरांनीही मान हलवली.

तिने आपला कप कोपऱ्यातल्या नळाखाली विसळून ठेवला, सगळ्यांचे आभार मानले आणि जिना उतरून गेली. ती गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले, बाई धीराची आहे. मग पुढच्या रविवारी कुठला सिनेमा लावायचा यावर त्यांचं बराच वेळ चाललं.

घरी तिचा धाकटा दीर होता. नवऱ्याहून बारा वर्षांनी लहान; शाळेच्या मुलांची गाडी चालवायचा. आईवडील लवकर गेल्यावर थोरल्यानेच त्याला वाढवलं होतं, गाडी शिकवली होती, नोकरीला चिकटवलं होतं. त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं, ते भाऊ गेल्यावर त्यानेच पुढे ढकललं. तिने त्याला रंगवाल्यांच्या खोलीतलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, आपण गाडीचं सांगायचं.

तो आधी तयार होईना.

“वहिनी, आपण खरं सांगतोय. मग त्यात भर कशाला?”

“खऱ्याला तीन गुण मिळाले, भाऊजी. तेही हसत हसत.”

त्याने म्हटलं, ते रिकामटेकडे लोक आहेत, त्यांचं काय मनावर घेता. ती म्हणाली, रिकामटेकडे नाहीत. एक वकील आहे, एक डॉक्टर आहे, एकाचं लिहिलेलं हजारो लोक वाचतात. त्यांना पटत नाही तर त्या न्यायाधीशबाईंना कसं पटेल? त्याही माणूसच ना? दरवाजा खरा आहे, फोन खरा आहे, यांना मारलं हे खरं आहे. मग ते खरं आत नेण्यापुरती एक खोटी गाडी लावली तर कुणाचं काय बिघडलं?

भावासाठी विहिरीत उडी मारायला सांगितली असती तरी त्याने मारली असती. दोघांनी बसून ठरवलं. करडी गाडी. शेवटच्या आठवड्यात तीन दिवस घरासमोर, सकाळी. आत एक माणूस, वर्तमानपत्र धरलेला. नंबर आठवत नाही. आठवला तर शोधून काढतील. दिराने एका दिवशी त्या माणसाकडे रोखून पाहिलं आणि त्याने काच वर केली, हे दिराने स्वतःच सुचवलं. सांगता सांगता त्याला राग आला, खरा राग. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हाताला काहीतरी धरण्यासारखं लागलं होतं. चहा, फोन, चेन लावलेली पिशवी यांवर रागवायचं तरी कसं? गाडीवर रागावता येत होतं. त्या दिवशी दोघंही पोटभर जेवली.

उलटतपासणीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आधीच्या जबाबात काही भर घालायची आहे का. तिने हो म्हटलं आणि गाडीचं सांगितलं. खिडकीबाहेर बघणारा खात्याचा वकील पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बसला. न्यायाधीशबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, त्यांनी विचारलं.

“भीती वाटली,” ती म्हणाली.

खोलीत शांतता झाली, अगदी त्या सिनेमातल्यासारखी. तिला वाटलं, पटलं.

खात्याच्या वकिलाने तिला फारसे प्रश्न विचारलेच नाहीत. गाडी नक्की कुठे उभी होती, एवढंच विचारलं. अगदी फाटकासमोर, ती म्हणाली. तिन्ही दिवस? तिन्ही दिवस. मग त्याने दिराला बोलावलं. दिराने गाडीचं सांगितलं, वर्तमानपत्राचं सांगितलं, वर केलेल्या काचेचं सांगितलं. चांगलं सांगितलं. वकील मान डोलावत होता, पाहुण्याचं कौतुक ऐकावं तसा. मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं:

“तुम्ही शाळेची गाडी रोज घरीच आणता ना? त्या आठवड्यात कुठे लावायचात?”

“मोठ्या रस्त्यावर,” दीर म्हणाला. “गल्ली उकरलेली होती ना, पाइपासाठी.”

तो बोलला आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. माणसाचा चेहरा आतून कसा खचतो ते तिने समोर बसून पाहिलं. तिलाही त्याच क्षणी आठवलं: घरासमोरचा तो चर, त्यावर टाकलेली फळी, फळीवरून तोल सावरत कामाला जाणारा नवरा, हातात पिशवी. कुठलीच गाडी त्या गल्लीत येऊ शकत नव्हती. सायकलसुद्धा उचलून न्यावी लागत होती. दुःखात माणूस काय काय विसरतो. ती त्याच्या हयातीतला शेवटचा आठवडा दिवसरात्र आठवत होती, आणि चर विसरली होती.

वकिलाने नगरपालिकेचा त्या कामाचा दाखला मागवून घेण्याची परवानगी मागितली. तेवढीही गरज नव्हती. दीर उभ्या उभ्या रडायला लागला होता.

नंतर न्यायाधीशबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. विजेरी आणि पिशवी परत द्यायची होती. त्या वस्तूंचा आता पुरावा म्हणून उपयोग उरला नव्हता. त्यांनी विजेरी तिच्यासमोर ठेवली. त्या वयाने थकलेल्या होत्या, आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या आवाज चढवतील अशी वाट बघत ती उभी होती. चढवला असता तर बरं झालं असतं.

“पहिल्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत, त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला होता,” त्या म्हणाल्या. “त्या चेनवर बसला होता. लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक माझ्यासमोर यायला तयार झाला होता. लिफ्ट नसतानाही तो दरवाजा उघडावा म्हणून त्याच्या कुलपाची तार कुणी जोडून ठेवायला लावली, ते तो सांगणार होता. परवा यायचा होता. आता तो येणार नाही. खोट्या साक्षीच्या शेजारी येऊन कोण उभं राहील? आणि तो आला, तरी मी त्याचं काय करू?”

न्यायाधीशबाईंनी पिशवीची चेन लावून पिशवी तिच्याकडे सरकवली आणि पुढच्या कामाचे कागद ओढले. शिपायाने दार उघडून धरलं.

मेकॅनिक खरंच आला नाही. लिफ्ट कंपनीने त्याची दुसऱ्या शहरात बदली केली. कुणी म्हणालं, त्यानेच मागून घेतली. अहवालात लिहून आलं की मृत तपासनिसाने नियमाप्रमाणे विजेरी न वापरता दरवाजा उघडला आणि मृत्यू त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाला. तिने साक्षीत पुढे आणलेली विजेरी फिरून त्याच्याच गळ्यात पडली. उद्घाटन झालं. मंत्री लिफ्टने वर गेले, सुखरूप खाली आले, फोटो छापून आला.

खोट्या साक्षीबद्दल तिच्यावर काही कारवाई झाली नाही; विधवा म्हणून दया दाखवली गेली. दिरावर मात्र खटला उभा राहिला. शाळेने त्याला काढून टाकलं. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हातात आमची मुलं कशी द्यायची, असं पालक म्हणाले, आणि त्यांचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. मुलीकडच्यांनी लग्नाचं पुन्हा काढलंच नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा तर शहाणाही नव्हता, नुसता भावाचा भाऊ होता. एके दिवशी त्याने आपले कपडे बांधले आणि तो मित्राच्या खोलीवर राहायला गेला. भांडण झालं नाही. येतो, म्हणाला, एवढंच.

रविवारच्या खोलीत तिचा विषय दोन आठवडे पुरला. रंगवाले म्हणाले, म्हणजे आपले तीन गुण बरोबरच होते की. वकीलसाहेबांना उलटतपासणीतला तो सहज विचारलेला प्रश्न फार आवडला. त्याला त्यांनी दहापैकी नऊ दिले. त्या शुक्रवारी परीक्षकांनी आपल्या जागेत सिनेमाऐवजी कटाच्या वेडावर लिहिलं. पडद्यावरचे कट बघून सामान्य माणसालाही आपल्या साध्या दुःखात कट दिसू लागतो. आमच्या ओळखीच्या एका विधवेने तर सिनेमातली गाडीच उचलून चौकशीत आणली. पण कसलेल्या प्रेक्षकाला पहिल्या ऐकण्यातच कळतं की यात दम नाही, आणि या लेखकालाही कळलं होतं. लेख चांगला उतरला होता. पुष्कळ लोकांनी तो कापून ठेवला.

डॉक्टर तेवढे तिच्याकडे आले. आपण काही केलं नाही असं त्यांना वाटत होतं आणि तरी झोप लागत नव्हती. ती टेबलावर वाकून खालच्या जबड्याचे दात लावत होती. बाजूला मेणाचा दिवा जळत होता. त्यांनी हळूच विचारलं, ते गाडीचं कशाला घातलंत, बाई?

“तुम्हीच म्हणालात ना, गाडी असती तर पटलं असतं.”

“अहो, आम्ही सिनेमाबद्दल बोलत होतो,” डॉक्टर म्हणाले.

तिने सुरी दिव्यावर धरली, तापवली आणि मेण सारखं केलं. डॉक्टर उभे राहिले, थोडा वेळ ठशांच्या फळीकडे बघत राहिले, मग पुढच्या आठवड्यात तीन कवळ्या हव्या आहेत असं सांगून गेले. काम ते तिलाच देत राहिले. दुसरीकडे इतकं चांगलं मिळालं नसतं.

उन्हाळा संपत आला तेव्हा ती दिराला भेटायला गेली. तो आता बसगाड्या धुण्याच्या कामावर होता. शहराबाहेर मोठं पटांगण, एका रांगेत उभ्या गाड्या, आणि तो गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून पाणी मारत होता. वाळला होता. खटल्याची तारीख पुढे गेलीय, म्हणाला. ती माफी मागायला आली होती. वाटेत तिने शब्दही जुळवले होते. तिने सुरुवात केली तेव्हा त्याने हाताने नको नको केलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. तेच तिला बघवेना.

“वहिनी, एक विचारू?” तो म्हणाला. “मला दादा दिसतो. गल्लीतून चालत येताना दिसतो, आणि मागे ती गाडी असते. करडी. आतला माणूस काच वर करतो. गल्ली उकरलेली होती हे मला ठाऊक आहे. मी स्वतः फळीवरून जात होतो. तरी गाडी दिसते. त्यावेळी कुणीतरी होतं का हो खरंच?”

“कुणी नव्हतं, भाऊजी. गाडी आपण केली.”

तो विचार करत राहिला. त्याला ते नीट पटलं नसावं.

“आणि दरवाजा?” तिने विचारलं. “यांनी फोनवर सांगितलेला, आठव्या मजल्यावरचा? तो तरी लक्षात आहे ना?”

“कुठला दरवाजा?” तो म्हणाला.

मागून एक बस आत आली आणि हॉर्न वाजला. त्याने पाइप उचलला. ती बाजूला सरकली, नाहीतर तिच्या अंगावर पाणी उडालं असतं.